जुळ्या इंजिनांच्या बोटीला पंखे निवडताना : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

दोन इंजिनांची क्रूझर बोट घेताना माणूस इंजिनांच्या भावासाठी महिनाभर घासाघीस करतो आणि पंखे (प्रॉपेलर) मात्र विक्रेता बसवून देईल ते मुकाट्यानं घेतो. पुढे बोट जड चालते, पेट्रोल जास्त लागतं, दहा-बारा माणसं बसली की ती पाण्यावर उठतच नाही. दोष इंजिनाला दिला जातो. मेकॅनिक प्लग बदलतो, इंजेक्टर साफ करतो, बिल लावतो आणि बोट होती तशीच राहते. इंजिनाची सगळी ताकद पाण्यात उतरते ती तीन-चार पात्यांतून. ती पाती तुमच्या बोटीच्या वजनाला आणि आपल्या पाण्याला साजेशी नसतील, तर महागातलं महाग इंजिनही त्यापुढे हतबल होतं.

हे मार्गदर्शन गेटवे-मांडवा, अलिबाग, मुरूड, मालवण किंवा गोव्यात मांडवीच्या मुखाशी २८ ते ३५ फुटी क्रूझर चालवणाऱ्या मालकांसाठी आहे. बोट हौसेची असो की भाड्यानं देण्याची. बहुतेकांच्या मागे दीडशे ते तीनशे अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिनं असतात, काहींकडे आत बसवलेली दोन डिझेल. आउटबोर्डबद्दल सविस्तर लिहितो, डिझेलचं नंतर. किमती अंदाजी आहेत. डॉलर आणि आयातीचं भाडं हललं की त्याही हलतात. निदान दोन ठिकाणचे भाव लेखी मागवावेत.

पंख्यावर कोरलेले दोन आकडे

पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या जाड नळीवर, '१४½ × १९' असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. व्यास कळायला सोपा. पिच म्हणजे पाणी लोण्यासारखं न सरकता घट्ट राहिलं असतं, तर पंखा एका पूर्ण फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर. पाणी सरकतंच, त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमी जाते. या तुटीला स्लिप म्हणतात. पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीत ती साधारण १० ते २० टक्के असते.

आउटबोर्डमध्ये व्यासाची निवड तुमच्या हाती फारशी नसते. गिअरकेसच्या मापानं ती बरीचशी ठरलेली असते. तुम्ही निवडता तो पिच, पात्यांची संख्या आणि धातू. त्यातला पिच सगळ्यांत महत्त्वाचा. एक इंच पिच वाढवला की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे कमी होतात, एक इंच घटवला की तितकेच वाढतात. हे एवढं एक गणित पक्कं लक्षात ठेवलं तर विक्रेत्याशी बोलताना तुम्ही अडाणी ठरत नाही.

पिच जास्त झाला तर इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. ओझ्याखाली कुथत राहतं, आत काजळी धरते, तापतं, आणि आयुष्य घटतं. पिच कमी झाला तर ते फेऱ्यांच्या मर्यादेवर जाऊन आदळतं आणि बोट पळण्याऐवजी नुसता आवाज होतो. दोन चुकांपैकी पहिली जास्त महागात पडते, कारण ती ऐकू येत नाही. कमी फेऱ्यांवर इंजिन शांत वाटतं, मालक खूश असतो.

आधी चाचणी, मग खरेदी

पंखा कॅटलॉगवरून निवडू नये, चाचणीवरून निवडावा. यामाहा आणि मर्क्युरी या कंपन्या वेगवेगळ्या बोटींवरच्या चाचण्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात. त्यांत कोणत्या पंख्यावर किती फेरे, किती वेग, किती इंधन हे सगळं मिळतं. ते जरूर पाहावेत, पण सोबत लिहिलेलं वजन आणि माणसांची संख्याही वाचावी. चाचणी अनेकदा दोन माणसांवर, स्वच्छ तळावर, संथ पाण्यात घेतलेली असते. आपल्याकडे फेब्रुवारीपर्यंत तळावर बार्नेकल धरलेले असतात, बोटीत कुटुंब आणि बर्फाची पेटी असते, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात इंजिनाची ताकदही थोडी उतरते. म्हणून तक्त्यात दिसतो त्यापेक्षा एक इंच, भाड्याच्या बोटीला दोन इंच कमी पिच धरून सुरुवात करावी.

चाचणी अशी घ्यावी. टाकी भरलेली, नेहमी नेता तितकी माणसं, नांगर-दोर, पिण्याचं पाणी, सगळं जागच्या जागी. ट्रिम टॅब वर. दोन्ही इंजिनांचं ट्रिम सारखं ठेवून बोट हळूहळू पूर्ण थ्रॉटलला न्यावी, मग ट्रिम वर घेत घेत वेग सर्वांत जास्त दिसेल तिथे थांबावं. त्या क्षणी दोन्ही इंजिनांचे फेरे वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि जीपीएसवरचा वेगही. एकदा भरतीच्या ओढीबरोबर, एकदा तिच्याविरुद्ध, आणि वेगाची सरासरी काढावी. मुंबईच्या बंदरात प्रवाहाचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. जुना काट्याचा टॅकोमीटर असेल तर त्याच्यावर विसंबू नका, इंजिनाच्या डिजिटल पडद्यावरचा आकडा घ्या.

जागा आणि वेळ विचारपूर्वक निवडा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे जीव गेले. पूर्ण थ्रॉटलची चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेपासून, नांगरलेल्या जहाजांपासून आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून दूर, सकाळच्या स्वच्छ उजेडात घ्यावी. तांडेलाच्या मनगटाला किल स्विचची दोरी बांधलेली असावी, आणि आकडे लिहायला दुसरा माणूस असावा. चालवणाऱ्यानं नजर फक्त समोर ठेवावी.

आता आकड्यांचा अर्थ. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची फेऱ्यांची पट्टी दिलेली असते. पुष्कळ आउटबोर्डना ती ५,००० ते ६,००० असते. भरल्या बोटीत तुमचा आकडा त्या पट्टीच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे ५,५०० ते ५,८०० मध्ये पडला पाहिजे. समजा, १९ पिचवर तुमची बोट ५,००० फेऱ्यांवर अडकते आणि ३३ नॉट पळते. गिअरचं प्रमाण १.८६ आहे. ५,००० भागिले १.८६, गुणिले १९, भागिले १,२१५ केलं की विनास्लिपचा वेग येतो ४२ नॉट. प्रत्यक्ष ३३, म्हणजे स्लिप २१ टक्क्यांच्या वर. इंजिन ओझ्याखाली आहे आणि पंखाही पाणी नीट धरत नाही. पाचशे-सहाशे फेरे वाढवायचे तर तीन इंच पिच उतरवायला हवा, म्हणजे १६. कुणी १७ वर समाधान मानायला सांगेल. रिकाम्या बोटीला १७ चालेल, भाड्याच्या बोटीला १६च घ्या. पिच उतरवला म्हणून वेग कमी होईल ही भीती इथे खोटी ठरते. कुथणारं इंजिन मोकळं झालं की वेग बहुतेक वेळा तोच राहतो किंवा थोडा वाढतो. घाटात चौथ्या गिअरमध्ये रेटलेली गाडी तिसऱ्यात टाकल्यावर जे होतं तेच हे.

पंखा बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा, त्यांना काही खर्च नाही. पहिली, तळ. खरवडलेल्या तळावर चाचणी पुन्हा घ्या. शे-दोनशे फेरे तिथेच परत मिळू शकतात. दुसरी, इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असावी. 'व्ही' तळाच्या बोटीत जुळी इंजिनं मध्यरेषेच्या दोन बाजूंना बसतात, जिथे तळ आधीच थोडा वर असतो. इंजिन त्याहून वर बसलं असेल तर वळणावर बाहेरच्या बाजूचं इंजिन हवा ओढतं, फेरे अचानक चढतात आणि बोट सुटल्यासारखी वाटते. तिथे पंख्याला दोष देऊन उपयोग नाही.

उजवा, डावा

जुळ्या इंजिनांच्या बोटीत साधारणपणे उजवीकडचा पंखा, मागून पाहिलं असता, घड्याळाच्या दिशेनं फिरतो आणि डावीकडचा उलट. दोघांचा पीळ एकमेकांना कापतो, सुकाणू सरळ राहतं, आणि जेट्टीला लावताना एक पुढे, एक मागे करून बोट जागच्या जागी फिरवता येते. त्यामुळे तुम्हाला दोन पंखे लागतात असं नव्हे, एक उजवा आणि एक डावा लागतो. ऑर्डर देताना हे ठळक लिहा. चुकीचा आला तर तो चुकीच्या इंजिनावर बोट मागे ढकलतो.

हातात आलेला पंखा कोणत्या हाताचा हे ओळखायला कागद लागत नाही. पंखा जमिनीवर, हबचं भोक आकाशाकडे करून ठेवा आणि बाजूनं तुमच्या समोरच्या पात्याकडे पाहा. पातं डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेलं दिसलं तर पंखा उजव्या हाताचा; उजवीकडून डावीकडे चढलेलं दिसलं तर डाव्याचा. पंखा उलटा ठेवला तरी उत्तर बदलत नाही. डावे पंखे कमी खपतात, त्यामुळे ते साठ्यात नसतात आणि मागवायला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या तोंडावर जाग आलेल्या मालकाचा हंगामाचा पहिला महिना इथेच जातो. काही नव्या सुझुकी इंजिनांत फिरण्याची दिशा निवडता येते, त्यांच्या मालकांना ही अडचण कमी. बाकीच्यांनी डावा सुटा पंखा आधीच घेऊन ठेवावा.

जोडी म्हणजे जोडीच

सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. एका पंख्याचं पातं मुरडतं, मालक तेवढाच दुरुस्तीला देतो, दुसरा तसाच ठेवतो. दुरुस्तीत पातं ठोकून, वेल्डिंग करून, घासून परत येतं; दिसायला चकचकीत, पण त्याचा पिच अर्ध्या इंचानं बदललेला असतो. आता एक इंजिन ५,६०० वर आणि दुसरं ५,४५० वर जातं. तांडेल दोन्ही थ्रॉटल मागे-पुढे करून कानानं जुळवत बसतो, बोटीत लाटेसारखी घरघर येते-जाते, आणि जे इंजिन जड आहे ते हळूहळू झिजतं. पात्याच्या मागच्या कडेला आत वळवलेली जी बारीक ओठासारखी घडी असते, तिला कप म्हणतात. ती पाणी धरून ठेवते आणि तिचा परिणाम जवळपास एक इंच पिचइतका असतो. नवखा कारागीर कड साफ करताना ती घडीच घासून टाकतो.

म्हणून नियम सोपा ठेवा. पंखे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच पिचचे, आणि दुरुस्तीला जातात तेव्हा दोन्ही एकदम जातात. कारागिराला सांगा, दोन्हींचा पिच मोजून आकडे कागदावर दे. पंख्यांच्या अचूकतेसाठी आयएसओ ४८४ हे मानक आहे. ते मुळात मोठ्या जहाजी पंख्यांसाठी असलं तरी चांगले कारखाने छोट्या पंख्यांनाही त्याचे वर्ग लावतात. जो कारागीर मोजणीचा कागद देत नाही त्याच्याकडे स्टेनलेस किंवा ब्राँझ देऊ नये. बोटानं टिचकी मारून 'एकदम बॅलन्स आहे' म्हणणं ही मोजणी नव्हे.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात, किल स्विच काढलेला, गिअर न्यूट्रलला. एक पेन्सिल त्या आडव्या प्लेटला चिकटपट्टीनं अशी बांधा की तिचं टोक एका पात्याच्या मागच्या टोकाला जेमतेम शिवेल. आता पंखा हातानं सावकाश फिरवा. दुसरं आणि तिसरं पातं पेन्सिलीला तसंच शिवून गेलं तर ठीक. एखादं पातं पेन्सिल ढकलत असेल किंवा मधे दोन-तीन मिलिमीटरची फट दिसत असेल, तर ते पातं वाकलं आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. तीच वेळ पात्यांच्या कडेवरून नख फिरवायचीही. दगडाची बारीक खाच नखाला लगेच लागते. पात्याच्या पुढच्या तोंडावर टोकाजवळ वाळूनं घासल्यासारखे खड्डे दिसले तर तिथे पाण्याचे बुडबुडे फुटून धातू खाल्ला जातोय. पंख्याचं माप किंवा बसवणूक चुकल्याची ती खूण आहे.

दोन्ही इंजिनांच्या फेऱ्यांत शंभराहून जास्त फरक येत असेल तर दोष पंख्याचा की इंजिनाचा हे शोधावं लागतं. उजवा पंखा डावीकडे लावून पाहता येत नाही, म्हणून सुटी जोडी चढवून चाचणी घ्यावी. फरक गेला तर पंखे, राहिला तर इंजिन. एवढ्यावर मेकॅनिकचं एक मोठं बिल वाचतं.

धातू आणि भाव

अॅल्युमिनियमचा तीन पात्यांचा पंखा या ताकदीच्या इंजिनाला आयात होऊन साधारण २० ते ३५ हजार रुपयांना पडतो. स्टेनलेसचा ७० हजार ते १ लाख ४० हजार. म्हणजे जोडीमागे अॅल्युमिनियमला ४० ते ७० हजार, स्टेनलेसला १ लाख ४० हजार ते २ लाख ८० हजार. परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत पाहून 'इथे लुटतात' असं म्हणण्याआधी हिशोब करा : त्या किमतीवर भाडं, त्यावर सीमाशुल्क, सीमाशुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यावर जीएसटी आणि क्लिअरिंग एजंटाची फी. मूळ किमतीच्या ४० ते ५० टक्के सहज चढतात. बोटीच्या पंख्यांचा सीमाशुल्क संकेतांक ८४८७१० आहे. एजंटाकडून त्याच क्रमांकाखालचा दर लेखी घ्या, नाहीतर 'इंजिनाचे सुटे भाग' म्हणून काहीही लावलं जातं. बोट प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली असेल तर जीएसटीच्या परताव्याबद्दल तुमच्या सीएला विचारा आणि पावती पक्की घ्या.

स्टेनलेस पातळ, ताठ आणि धारदार असतं. जोरात चालताना त्याची पाती वाकत नाहीत, म्हणून तेवढ्याच पेट्रोलमध्ये बोट थोडी जास्त पळते आणि समुद्र खवळला असता पाणी घट्ट धरते. पण ते दगडावर आपटलं तर मोडत नाही, आघात आतल्या गिअरकडे पाठवतं. मधला रबरी हब काही प्रमाणात तो आघात शोषतो, पण पूर्ण भरवसा ठेवावा असा तो नाही. आउटबोर्डचं खालचं पूर्ण युनिट बदलायची वेळ आली तर चार ते सात लाखांचा फटका असतो. अॅल्युमिनियमचं पातं मात्र स्वतः वाकतं किंवा तुटतं आणि गिअर वाचवतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मालवण-तारकर्लीच्या खडकाळ उथळ पाण्यात आणि खाडीत रोज जाणाऱ्यांनी अॅल्युमिनियमच वापरावं आणि दोन जोड्या ठेवाव्यात. गेटवे-मांडवा किंवा मुंबई ते मुरूड असं खोल पाण्यातून जाणाऱ्यांनी स्टेनलेस घ्यावं आणि आधीची अॅल्युमिनियमची जोडी सुटी म्हणून बोटीतच ठेवावी. गोव्यात नदीमुखाची वाळूची दांडी ओलांडायची असेल तर अॅल्युमिनियम लवकर घासलं जातं, तिथेही स्टेनलेस बरं, पण भरतीची वेळ पाळूनच.

तीन पाती की चार? चार पात्यांचा पंखा बोट लवकर उठवतो, कमी वेगातही तिला पाण्यावर धरून ठेवतो, वळणावर हवा कमी ओढतो आणि थरथर कमी करतो. बदल्यात वरचा वेग एक-दोन नॉट जातो. तीनवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच कमी घ्यावा. मांडव्याच्या वाटेवर दुपारनंतर वारा सुटला की बोट पूर्ण वेगानं कुणी पळवत नाही, अठरा-वीस नॉटवर चालवतात. अशा चालीला चार पातीच शोभतात. भरल्या क्रूझरला मी चार पातीच सुचवेन.

पेट्रोलचा हिशोब

पंख्यावर पैसे घालायला हात आखडतो, म्हणून हा हिशोब मांडतो. दोनशे अश्वशक्तीची दोन इंजिनं चालीच्या वेगाला मिळून तासाला सुमारे ७० लिटर पेट्रोल पितात. लिटरला १०४ रुपये धरले तर तासाला ७,२८० रुपये. चुकीच्या किंवा मुरडलेल्या पंख्यांमुळे १० टक्के वाया गेले असं धरलं तर तासाला ७२८. ऑक्टोबर ते मे या हंगामात बोट २०० तास चालली तर १ लाख ४५ हजार रुपये. स्टेनलेसच्या स्वस्त जोडीची किंमत एका हंगामात समुद्रात जाते. महिन्यातून दोन वेळा बोट काढणाऱ्या हौशी मालकाचे तास मात्र चाळीस-पन्नासच भरतात. त्यानं महाग स्टेनलेसच्या मागे न लागता योग्य पिचचं अॅल्युमिनियम घेतलं तरी त्याचं नुकसान होत नाही. योग्य पिचचा स्वस्त पंखा चुकीच्या पिचच्या महाग पंख्यापेक्षा केव्हाही चांगला.

आतली डिझेल इंजिनं

शाफ्टवर चालणाऱ्या जुळ्या डिझेलांत तपासणी तीच, पण काटेकोर. इंजिनावर लिहिलेले पूर्ण फेरे, उदाहरणार्थ ३,५००, भरल्या बोटीत गाठलेच पाहिजेत. पन्नास-शंभर वर गेले तर उत्तम. दोनशे खाली अडकत असतील आणि मागून काळा धूर येत असेल तर पंखा जड आहे. तशीच बोट चालवत राहिलात तर वॉरंटीचा दावा कंपनी मान्य करील याची आशा नको. इथे व्यासही निवडावा लागतो आणि त्याला तळाची मर्यादा असते : पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या १० ते १५ टक्के फट हवी. २२ इंची पंख्याला सव्वादोन ते सव्वातीन इंच. ती नसली तर प्रत्येक पातं तळाखालून जाताना हातोडीसारखी ठोक देतं.

धातू दोन. मँगनीज ब्राँझ स्वस्त आहे, पण त्यात जस्त भरपूर असतं. अॅनोडकडे दुर्लक्ष झालं की खारं पाणी ते जस्त खातं आणि पातं गुलाबी, ठिसूळ होतं. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ, ज्याला बाजारात निब्राल म्हणतात, बळकट आणि टिकाऊ. २२ इंची चार पात्यांचा आयात निब्राल पंखा पावणेदोन ते तीन लाखांना एक पडतो. आपल्याकडचे ओतकाम कारखाने मासेमारी नौकांसाठी ब्राँझचे पंखे किलोच्या भावानं करतात. तो पंखा बहुधा निम्म्याहून कमी किमतीत होतो आणि मंद चालीच्या बोटीला उत्तम चालतो. पंचवीस नॉट पळणाऱ्या क्रूझरला मात्र पिचची मोजणी कागदावर मिळाल्याशिवाय तो घेऊ नये. जुन्या मालाच्या बाजारात एकटा-दुकटा स्वस्त ब्राँझ पंखा दिसला तरी मोह आवरा. त्याचा जोडीदार मिळत नाही.

व्होल्वो पेंटाच्या ड्युओप्रॉपमध्ये एकाच पायावर पुढे-मागे दोन पंखे उलट दिशांनी फिरतात, म्हणजे जुळ्या इंजिनांना चार पंखे लागतात. ते संच अक्षर-अंकांनी ओळखले जातात आणि संचातला एक मुरडला तरी निवड पूर्ण संचाचीच करावी लागते. जुनी बोट विकत घेताना हा खर्च आधीच भावातून वजा करून घ्या.

एक इंजिन बंद पडलं तर

दोन इंजिनं असली म्हणजे एक पडलं तरी दुसऱ्यावर पळत घरी येऊ, असा समज आहे. तसं होत नाही. पंखे दोन इंजिनांच्या वेगासाठी निवडलेले असतात. एकट्या इंजिनाला बोट पाण्यावर उचलता येत नाही आणि तो पिच त्याला फार जड होतो. थ्रॉटल दाबून धरला तर चालू इंजिनही जातं. बंद इंजिन वर उचलावं, चालू इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून सहा-सात नॉटनं यावं. मधल्या समुद्रातून मांडवा किंवा गेटवे गाठायला तासभरही लागू शकेल, तेवढा उजेड आणि इंधन हाताशी ठेवूनच दुपारी परत निघावं. शाफ्टच्या बोटीत बंद इंजिनाचा पंखा पाण्यानं फिरत राहिला तर काही गिअरबॉक्सना तेल मिळत नाही. तुमच्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत शाफ्ट बांधायला सांगितलं आहे का, हे आजच वाचून ठेवा.

बसवणं आणि पावसाळ्यातली कामं

जूनमध्ये बोट वर काढली की पंखे उतरवावेत. आउटबोर्डचा पंखा ओहोटीला वाळूवर उभ्या बोटीतही उतरतो, क्रेन लागत नाही. बॅटरी तोडा, पात्यात आणि वरच्या प्लेटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा आणि नट सोडा. पंखा निघाला की आतल्या वॉशरच्या मागे पाहा. मुंबई बंदरातून चालणाऱ्या बोटीत तिथे नायलॉनची तार किंवा प्लॅस्टिकची दोरी गुंडाळलेली हमखास सापडते. ती उष्णतेनं वितळून शाफ्टच्या सीलमध्ये घुसते, पाणी गिअरकेसमध्ये शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. सीलचं काम काही हजारांत होतं. न पाहता हंगाम काढला तर वर लिहिलेले चार ते सात लाख.

शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस भरपूर लावावं, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा निघतच नाही. कॉटर पिन दर वेळी नवी. रबरी हब घसरतोय का हे पाहायला हबच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर रंगाची एक सरळ रेघ मारा. महिन्याभरानं रेघ तुटलेली दिसली तर हब गेला. हबचा संच ६ ते १५ हजारांत येतो. अॅनोड अर्धा खाल्ला गेला की बदलावा, आणि अॅल्युमिनियमच्या पायाला तांब्याचा रंग कधीही लावू नये; दोन धातूंत वीज खेळून पायच खाल्ला जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या पंख्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दुरुस्ती करू नका. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर एका पात्याच्या टोकापलीकडे काही मुरडलं असेल तरी नवाच घ्या.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून एक गोष्ट पावतीवर लिहून घ्या : पंखे बिनओरखड्याचे परत आले तर चाचणीनंतर पिच बदलून मिळेल. चांगला विक्रेता हे देतो, आणि त्यासाठी जोडीमागे पाच-दहा हजार जास्त मागितले तरी द्यावेत. हे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून दीड लाखाची जोडी घेऊ नका.